रेट सिंड्रोम : थांबलेली वाढ, शाबूत पेशी

रेट सिंड्रोम हा मेंदूच्या विकासात अडथळा आणणारा दुर्मीळ जनुकीय विकार आहे आणि तो जवळजवळ फक्त मुलींमध्ये आढळतो. जन्माला येणाऱ्या साधारण १० ते १५ हजार मुलींमागे एकीला तो होतो. जन्मावेळी बाळ निरोगी दिसते. ते वेळेवर मान धरते, हसते, पालथे पडते, बसू लागते. काही मुली पाऊल टाकतात, ‘आई’, ‘बाबा’, ‘मम्मं’ असे दोन-चार शब्द बोलतात. मग वयाच्या दीड वर्षाच्या आगेमागे, आलेले जाऊ लागते. खुळखुळा धरणारे हात तो धरीनासे होतात, शब्द तोंडातून येईनासे होतात, चाल अडखळते. रिकामे झालेले हात छातीसमोर एकत्र येतात आणि ओला कपडा पिळावा तसे जागेपणी सतत एकमेकांना पिळत राहतात.

मुलाच्या वाढीत अडथळा आणणाऱ्या बहुतेक विकारांत मूल उशिरा शिकते, पण शिकलेले टिकते. रेटमध्ये शिकलेलेच निसटते. त्यामुळे हा मेंदू झिजवत नेणारा आजार असावा, अशी समजूत अनेक वर्षे होती. प्रत्यक्षात या मुलींच्या मेंदूतील पेशी मरत नाहीत. त्या आकाराने लहान राहतात, त्यांना फाटे कमी फुटतात, त्यांचे आपसातले दळणवळण विस्कळीत होते. पण त्या जिवंत असतात. या विकाराचे स्वरूप, मुलीशी कसे वागावे याचा विचार आणि औषधांचा शोध या साऱ्यांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

दोन मुली, एकच हालचाल

१९५४ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांच्या दवाखान्यात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसून नंबराची वाट पाहत होत्या. दोघी एकाच पद्धतीने हात चोळत होत्या. रेट यांनी आपल्या जुन्या रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा तशाच आणखी मुली सापडल्या. त्यांनी या हालचालींचे चित्रीकरण केले आणि असे रुग्ण आणखी कुठे आहेत का, याचा युरोपभर शोध घेतला. १९६६ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. रक्तातील वाढलेला अमोनिया हे या विकाराचे कारण असावे, असा त्यांचा कयास होता. तो पुढे चुकीचा ठरला आणि इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यकविश्वापर्यंत त्यांचे काम फारसे पोहोचले नाही.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये बेंग्ट हागबेरी हे मेंदूविकारतज्ज्ञ अशाच मुलींच्या नोंदी स्वतंत्रपणे करत होते. त्यांनी फ्रान्स आणि पोर्तुगालमधील सहकाऱ्यांसह ३५ मुलींची माहिती १९८३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि पहिल्या निरीक्षकाचा मान राखून विकाराला रेट यांचे नाव दिले. त्यानंतर जगभरचे डॉक्टर आपल्याकडील ‘निदान न झालेल्या’ मुलींकडे नव्याने पाहू लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टन येथे शिकाऊ डॉक्टर असलेल्या हुदा झोग्बी यांनी अशी पहिली मुलगी पाहिली. मूळच्या बैरूतच्या झोग्बी या मुलींमुळे संशोधनाकडे वळल्या. विकार बहुतेक वेळा घरात एकाच मुलीला होत असल्याने, कुटुंबातील अनेक रुग्णांची तुलना करून जनुक शोधण्याची नेहमीची वाट बंद होती. १९९९ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, त्यांच्या गटाला ते जनुक सापडले. त्याचे नाव एमईसीपी२.

पाटकऱ्याविना कालवा

एमईसीपी२ हे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते आणि त्याच नावाचे प्रथिन बनवण्याची कृती त्यात लिहिलेली असते. हे प्रथिन एडिनबरा येथील शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्येच ओळखले होते. पण त्याचा रेटशी संबंध असेल, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात चालावे, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी असते. डीएनएच्या लांबलचक धाग्यावर ठिकठिकाणी मेथिल नावाच्या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात. एमईसीपी२ प्रथिन या खुणा ओळखून तिथे बसते, आणखी काही प्रथिनांना बोलावून घेते आणि त्या भागातील जनुकांचे काम आवरते धरते.

कालव्यावरच्या पाटकऱ्याचे काम असेच असते. पाणी तो तयार करत नाही आणि शेतही त्याचे नसते. कोणत्या चारीचे दार किती उचलायचे, एवढेच तो पाहतो. पाटकरी नसेल तर एका शेतात पाणी तुंबते, दुसरे कोरडे राहते. पीक मरत नाही, पण जोमही धरत नाही. एमईसीपी२ नसलेल्या चेतापेशीत एखादेच जनुक बिघडलेले असते असे नाही. हजारो जनुकांचे प्रमाण थोडे थोडे चुकते आणि त्या सगळ्या चुकांची बेरीज विकार म्हणून दिसते.

हे प्रथिन शरीरात बहुतेक ठिकाणी असले, तरी पूर्ण वाढलेल्या चेतापेशीत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. जन्मानंतर चेतापेशी परिपक्व होत जातात तसे ते वाढते. सुरुवातीचे महिने बाळ ठीक का दिसते आणि बिघाड पुढे का उघड होतो, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो. बाळाच्या मेंदूचा ढाचा उभा राहतो. अनुभवातून त्याला घडण देण्याची वेळ येते, तेव्हा मात्र पाटकऱ्याची उणीव भासू लागते.

जनुकातील दोष सर्व मुलींत एकच नसतो. शेकडो प्रकारचे दोष नोंदवले गेले आहेत, पण त्यांपैकी आठ दोष पुन्हा पुन्हा आढळतात आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत त्यांपैकीच एक असतो. काही दोषांत प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा बदलतो आणि प्रथिन अर्धेमुर्धे काम करत राहते. काहींत साखळी मध्येच तुटते आणि प्रथिन निरुपयोगी होते. दुसऱ्या प्रकारात लक्षणे सहसा अधिक तीव्र असतात.

मुलींनाच का?

मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. मुलाला एक एक्स आणि एक वाय. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन्हींपैकी एकच एक्स कार्यरत राहते आणि दुसरे गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच निद्रिस्त होते. कोणते झोपणार, हे त्या त्या पेशीत नशिबावर सोडल्यासारखे ठरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. काळे आणि तांबूस चट्टे असलेली मांजर पाहिली की ही कल्पना डोळ्यांना दिसते. केसांच्या या दोन रंगांचे जनुक एक्सवर असते. एका चट्ट्यात एक एक्स जागे असते, शेजारच्या चट्ट्यात दुसरे. म्हणूनच अशी मांजर बहुधा मादी असते.

रेट असलेल्या मुलीचा मेंदू असाच दुरंगी असतो. साधारण निम्म्या पेशींत निर्दोष जनुक जागे असते आणि त्या पेशी प्रथिन नीट बनवतात. उरलेल्यांत सदोष जनुक जागे असते. निरोगी पेशींच्या आधारावर मुलगी जगते, पण दोन्ही प्रकारच्या पेशींना मिळून एक मेंदू चालवायचा असल्याने अडचण होते. एखादीत योगायोगाने निर्दोष जनुकाच्या पेशी बऱ्याच जास्त असल्या तर तिची लक्षणे सौम्य राहतात. तोच दोष असलेल्या दोन मुलींत एक चालते आणि दुसरी बसूही शकत नाही, यामागे हेही एक कारण असते.

मुलग्याकडे एकच एक्स असते. तेच सदोष निघाले तर आधाराला निरोगी पेशी उरत नाहीत. अशा बाळांना जन्मापासूनच मेंदूचा गंभीर आजार असतो आणि बरीचशी पहिल्या दोन वर्षांत दगावतात. एक्स गुणसूत्र जादा असलेल्या किंवा शरीरातील काही पेशींतच दोष असलेल्या मोजक्या मुलग्यांत मात्र मुलींसारखा रेट दिसतो.

मुलींचे प्रमाण जास्त असण्याचे आणखी एक कारण आहे. ९९ टक्क्यांहून अधिक मुलींत हा दोष आईवडिलांकडून चालत आलेला नसतो, तो नव्याने घडलेला असतो. आणि नव्याने घडणारे हे बहुतेक दोष वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना डीएनएची नक्कल करण्यातील चुकीतून येतात. वडील आपले एक्स गुणसूत्र फक्त मुलीला देतात, मुलाला वाय देतात. त्यामुळे ही चूक मुलीच्याच वाट्याला येते. शुक्रपेशी तयार होताना अशा चुका प्रत्येक पुरुषात घडतात; कोणती कुठे पडेल, यावर कोणाचाच ताबा नसतो.

चार टप्पे

रेटची वाटचाल डॉक्टर चार टप्प्यांत मांडतात. पहिला टप्पा ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यानचा. या काळात काही गेलेले नसते, फक्त नवे येण्याचा वेग मंदावतो. बाळ शांत असते, फार रडत नाही, खेळण्यात कमी रमते. घरचे ‘गुणी बाळ’ म्हणून कौतुक करतात. डोक्याचा घेर नियमित मोजला, तर वाढीची रेघ सपाट होऊ लागल्याचे दिसते. साध्या टेपने करायची ही मोजणी अनेकदा राहून जाते.

दुसरा टप्पा १ ते ४ वर्षांच्या दरम्यान येतो आणि काही आठवडे ते काही महिने टिकतो. हाताने वस्तू धरणे आणि बोलणे याच काळात जाते. मूल विनाकारण किंचाळते, रात्री झोपत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. हात पिळणे, टाळ्या वाजवणे, हात तोंडात घालणे सुरू होते. ही लक्षणे स्वमग्नतेशी इतकी जुळतात की अनेक मुलींना आधी तेच निदान मिळते. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणातही रेटची गणना १९९४ पासून स्वमग्नतेच्या गटात होत होती. जनुकीय कारण स्पष्ट झाल्यावर २०१३ च्या आवृत्तीत तो तिथून वगळला गेला.

तिसरा टप्पा स्थिरतेचा. तो साधारण २ ते १० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुढे कित्येक वर्षे, कधी आयुष्यभरही चालतो. किंचाळणे कमी होते, मुलगी पुन्हा माणसांकडे पाहू लागते, हसते, आवडनिवड दाखवते. फिट येण्याचे प्रमाण मात्र याच काळात जास्त असते. चौथ्या टप्प्यात स्नायू ताठर होतात, पाठीचा कणा वाकतो आणि चालणाऱ्या मुलींपैकी काहींचे चालणे थांबते. त्या वेळीही समज आणि नजरेतून साधलेला संवाद सहसा कमी होत नाही.

निदान

रेटचे निदान आधी लक्षणांवरून होते. २०१० मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मूल शिकलेले गमावते आणि मग स्थिरावते, हे दिसणे आवश्यक आहे. त्याबरोबर चार मुख्य खुणा पाहतात: हातांचे हेतुपूर्वक काम जाणे, बोलणे जाणे, चाल बिघडणे किंवा न येणे, आणि हातांच्या त्याच त्या हालचाली. जन्मावेळी मेंदूला झालेली इजा, जंतुसंसर्ग किंवा चयापचयाचा विकार यांनी हीच लक्षणे आली नाहीत ना, याची खात्री केली जाते.

त्यानंतर रक्ताच्या नमुन्यावरून एमईसीपी२ ची तपासणी होते. जनुकातील अक्षरे वाचण्याबरोबर जनुकाचा मोठा तुकडा गहाळ आहे का, हेही स्वतंत्रपणे पाहावे लागते. पहिल्या चाचणीत तसा दोष निसटू शकतो. सर्व निकष पूर्ण करणाऱ्या सुमारे ९५ टक्के मुलींत दोष सापडतो. अगदी लहान वयात फिट सुरू झालेल्या किंवा जन्मापासूनच मागे असलेल्या काही मुलींत सीडीकेएल५ किंवा फॉक्सजी१ या वेगळ्या जनुकांत दोष निघतो. हे आता रेटहून स्वतंत्र विकार मानले जातात.

जनुकीय अहवालाचा एक उपयोग वैद्यकीय आहे, दुसरा घरातला. शिकलेले जाण्याची वेळ नेमकी दीड वर्षाच्या लसींच्या आसपास येते, म्हणून दोष लशीवर ढकलला जातो. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, मुलीला दृष्ट लागली, आईने काही चुकीचे खाल्ले, अशी कारणे घरात आणि शेजारीपाजारी निघतात. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक झाली असेल, तर नात्यातल्या लग्नाला दोष दिला जातो. नात्यातल्या लग्नामुळे काही जनुकीय विकारांचा धोका खरोखर वाढतो, पण रेटशी त्याचा संबंध नाही. रेटचा दोष गर्भधारणेआधी किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात घडलेला असतो.

पुढच्या अपत्याला रेट होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. ती शून्य म्हणता येत नाही, कारण क्वचित आई किंवा वडील यांच्या काही बीजपेशींत दोष दडलेला असू शकतो आणि फारच क्वचित आईच्या शरीरात तो असूनही निरोगी पेशींच्या बाहुल्यामुळे तिला लक्षणे नसतात. मुलीत नेमका दोष सापडला असेल तर आईची रक्ततपासणी करता येते आणि पुढच्या गरोदरपणात गर्भजलातून गर्भाचीही. म्हणून पुढच्या अपत्याचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेणे उपयोगी ठरते.

शरीरभरच्या तक्रारी

रेट मेंदूचा विकार असला, तरी त्याची रोजची झळ सगळ्या शरीराला बसते. जागेपणी श्वासाची लय बिघडते. मुलगी काही वेळ भरभर श्वास घेते, मग कित्येक सेकंद श्वास रोखून धरते. ओठ निळसर पडतात. झोपेत हा प्रकार बराच कमी होतो. हवा गिळली गेल्याने पोट नगाऱ्यासारखे फुगते. पाय थंडगार राहतात. दात करकरा खाल्ले जातात.

साठ ते ऐंशी टक्के रुग्णांना कधी ना कधी फिट येतात. मात्र टक लावून बघणे, श्वास रोखणे, अंग थरथरणे हे प्रकारही फिटसारखे दिसतात. मेंदूचा आलेख आणि हालचालींचे चित्रीकरण एकाच वेळी पाहिले, तर खरी फिट कोणती ते कळते आणि नको ती औषधे टळतात. घरच्यांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरणही डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

हृदयाच्या ठोक्यांमधील विद्युत चक्र काही मुलींत लांबते आणि त्यातून अचानक जिवावर बेतू शकते. म्हणून निदानाच्या वेळी आणि पुढे दरवर्षी ईसीजी काढतात. काही प्रतिजैविके आणि उलटीवरची काही औषधे हे चक्र आणखी लांबवतात. त्यामुळे साध्या सर्दी-तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावरही मुलीला रेट असल्याचे आधी सांगावे लागते.

भूक चांगली असूनही मुली अंगाने भरत नाहीत. घास चावणे आणि गिळणे अवघड असते, एका जेवणाला तासभर लागतो, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मऊ भात, खिचडी, घट्ट पेज यांत तूप घालून थोड्या घासांत जास्त उष्मांक देता येतात. तरी वजन घटतच राहिले किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होऊ लागला, तर पोटातून थेट जठरात नळी बसवतात. बद्धकोष्ठता जवळजवळ सर्वांना असते. हाडे ठिसूळ होतात, म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि रोज उभे राहण्याचा सराव यांकडे लक्ष द्यावे लागते. वयात येईपर्यंत बहुसंख्य मुलींचा कणा बाजूला झुकतो; झुकाव फार वाढला तर शस्त्रक्रिया करतात.

सांगता न येणारे दुखणे हा या सगळ्यातला अवघड भाग. मुलगी अचानक रडू-किंचाळू लागली, तर ‘हा आजाराचाच भाग’ म्हणून सोडून देता येत नाही. दात, कान, पोटातली जळजळ, साचलेली शौच, पित्ताशयातील खडे, लघवीचा संसर्ग, न कळलेले फ्रॅक्चर अशी कारणे एकेक करून तपासावी लागतात.

नजरेची बोली

रेटमधील मुलीच्या मनात हात पुढे करण्याची इच्छा उमटते, पण ती स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. या दोषाला अप्रॅक्सिया म्हणतात. कधी कधी मन जितके एकवटावे तितका हात अडखळतो, आणि तोच हात नकळत एखाद्या क्षणी अचूक काम करून जातो. बोलण्याचेही तसेच. त्यामुळे हात वापरून किंवा बोलून उत्तर द्यायच्या बुद्धिमत्ता चाचण्यांत या मुलींना जवळजवळ शून्य गुण मिळत आणि त्यांना काहीच कळत नाही, असा निष्कर्ष निघे.

डोळ्यांवरचा ताबा मात्र बराचसा टिकून असतो. हव्या त्या वस्तूकडे, मग माणसाकडे, पुन्हा वस्तूकडे पाहून या मुली मागणी करतात. संवाद शिकवण्याची सुरुवात इथूनच होते. दोन हातांत दोन वस्तू धरून ‘काय हवे?’ विचारायचे आणि नजर कुठे स्थिरावते ते पाहायचे. पुढे वस्तूंच्या जागी चित्रे येतात, मग चित्रांचा तक्ता, आणि परवडत असेल तर नजर टिपून शब्द उच्चारणारा संगणक. मुंबईच्या आयआयटीमधील डिझाइन विभागाने तयार केलेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित संवादाचे मोफत अ‍ॅप मराठीतही वापरता येते.

यात विचारणाऱ्याच्या संयमाची कसोटी लागते. उत्तर यायला काही सेकंद, कधी मिनिटभरही लागते. तेवढ्यात प्रश्न पुन्हा विचारला, तर तिची जुळवाजुळव मोडते आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. एका हाताच्या कोपराला हलकी पट्टी बांधून हात पिळणे थोडा वेळ थांबवले, तर काही मुलींना दुसऱ्या हाताने चमचा किंवा बटण साधते. संगीत बहुतेकींना आवडते आणि उपचारतज्ज्ञ ते व्यायामात व संवादात वापरतात.

सोयी आणि मोठेपण

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा. वाढीत मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये धोरण आखले. त्यात निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांचा समावेश असल्याने रेट असलेल्या मुलींना त्याखाली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत बहुविकलांग व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण असून त्यात उपचारपद्धतींचा खर्चही धरला जातो. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाची नेमणूक करून घ्यावी लागते.

हे शेवटचे काम दुर्लक्षून चालत नाही, कारण रेट हा फक्त बालपणाचा विकार नाही. उत्तर अमेरिकेतील दीर्घकालीन पाहणीत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण वयाच्या ४५ वर्षांपर्यंत जगल्याचे दिसले. आहार, फिट आणि कण्याची काळजी सुधारली तसे आयुष्य वाढले. म्हणजेच अनेक घरांत साठी-सत्तरीतले आईवडील चाळिशीतल्या मुलीला भरवत असतात.

पाटकरी परतल्यावर

२००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांचे एमईसीपी२ जनुक जन्मापासून अडवलेले असेल, पण एक औषध टोचताच तो अडसर निघेल. उंदरांत रेटसारखी लक्षणे पूर्ण दिसू लागल्यावर, काही तर मरणाच्या दारात असताना, औषध देण्यात आले. कंप थांबला, श्वास आणि चाल सुधारली, उंदीर जगले. पाटकरी उशिरा परतला, तरी शेत पुन्हा हिरवे झाले. पेशी मेलेल्या नसतात, याचा इतका स्पष्ट पुरावा आधी कोणी दिला नव्हता. रेटवरील कामासाठी बर्ड आणि झोग्बी यांना २०२० चा ‘ब्रेन प्राइझ’ विभागून मिळाला.

उंदरात बटण दाबून जे झाले, ते मुलीत करणे सोपे नाही. पहिला पर्याय म्हणजे जनुकाला हात न लावता चेतापेशींचे दळणवळण सुधारणे. ट्रोफिनेटाइड हे त्या प्रकारचे पातळ औषध आहे; शरीरात नैसर्गिकरीत्या असणाऱ्या वाढघटकाच्या एका तुकड्यावरून ते तयार केले आहे. ५ ते २० वर्षे वयाच्या १८७ मुली व तरुणींवर १२ आठवडे चाललेल्या चाचणीत त्याने लक्षणांत माफक सुधारणा केली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि ते रेटवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. ते विकार बरा करत नाही, अतिशय महाग आहे आणि घेणाऱ्या बहुतेकांना जुलाब होतात.

दुसरा पर्याय जनुकोपचाराचा. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत निर्दोष जनुक भरून ते मेंदूपर्यंत पोहोचवायचे. यातली मोठी अडचण प्रमाणाची आहे. एमईसीपी२ जनुकाची एक प्रत जास्त असलेल्या मुलग्यांना वेगळाच गंभीर विकार होतो, हे २००५ पासून माहीत आहे. चारीचे दार बंद राहणे जितके घातक, तितकेच ते फार उघडणे. शिवाय रेटमधील मुलीच्या निम्म्या पेशींत निर्दोष जनुक आधीच काम करत असते. विषाणू त्या पेशींतही शिरला, तर तिथे प्रथिन गरजेपेक्षा जास्त होईल. म्हणून पेशीत प्रथिन पुरेसे झाले की आपोआप लगाम लागेल, अशी सोय या नव्या जनुकातच करण्यात आली आहे. अशा उपचारांच्या मानवी चाचण्या २०२३ पासून सुरू आहेत. एका चाचणीत जास्त मात्रा घेतलेल्या सहभागी रुग्णाचा २०२४ मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर ती मात्रा थांबवून कमी मात्रेवर चाचणी पुढे नेण्यात आली. सदोष पेशींत झोपलेली निर्दोष प्रत जागी करणे आणि जनुकातील चुकीचे अक्षर दुरुस्त करणे या दोन वाटांवर प्रयोगशाळांत काम चालू आहे.

यांपैकी कोणताही उपचार उद्या यशस्वी झाला, तरी तो ताठर झालेले सांधे, वाकलेला कणा किंवा झिजलेली हाडे पूर्ववत करू शकणार नाही. म्हणून रोजचा व्यायाम, उभे राहण्याचा सराव, पुरेसा आहार आणि नजरेने चाललेला संवाद यांना दुहेरी महत्त्व आहे. त्यांनी मुलीचा आजचा दिवस सुसह्य होतो आणि पुढे उपचार आला तर त्याचा उपयोग करून घेण्याजोगे शरीर तिच्यापाशी उरते.